वाटलं की कळलं

पट्ट्याला एकच काम येत असे. तो कपाळाला बांधलेल्या माणसाला एखादी गोष्ट कळली आहे की नुसती वाटली आहे, एवढंच तो सांगे. कळली असेल तर हिरवा दिवा, वाटली असेल तर पिवळा. तिसरा दिवा त्याला नव्हताच.

दौंडच्या रेल्वे वसाहतीमागे राहणाऱ्या वैजयंतीबाई खळदकरांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना हसूच आलं. त्यांच्या तोंडी दिवसातून शंभरदा ‘मला बाई वाटतं’ येई. आमटीत मीठ कमी पडलंय वाटतं, पुण्याची गाडी आज उशिरा आहे वाटतं.

“तुझ्या कपाळाला बांधला तर पिवळीधम्मक होशील,” त्यांचे यजमान म्हणाले होते. “लग्नातली हळद पुन्हा लागल्यासारखी.”

“इश्श! या वयात?”

रमाकांतरावांची छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली होती. केबिनमधल्या, रूळ आणि सिग्नल बदलणाऱ्या खटक्यांचं एक शास्त्र असतं. एक खटका ओढला की त्याच्या विरोधातले सगळे खटके जागच्या जागी अडकले पाहिजेत. दोन गाड्या एका रुळावर येऊच शकणार नाहीत हे आधी सिद्ध करायचं, हिरवा त्यानंतर. तो स्वभाव घरीही आला होता. गॅस बंद केलाय म्हटलं तरी ते उठून जाऊन बघत. अशा माणसाला, दोन वर्षांमागे, गाडी निघून गेल्यावर उघड्या फाटकासमोर पिशवी घेऊन अर्धा तास उभं राहिलेलं लोकांनी पाहिलं. कोणीतरी हाताला धरून घरी आणलं. “फाटक उघडं होतं,” ते म्हणाले, “पण पुढे काय करतात ते आठवेना.”

आजाराचं नाव कळलं. औषध नव्हतं. होता तो सेतू.

सेतू म्हणजे केसाहून बारीक तारांची जाळी. मेंदूतल्या पेशी मरत जातात तिथे ती बसवायची. आजूबाजूच्या जिवंत पेशी काय बोलताहेत ते जाळी ऐकते, मेलेली पेशी असती तर या जागी काय बोलली असती याचा अंदाज बांधते आणि तिच्या वतीने ते बोलते. जितके दिवस ऐकेल तितकी ती त्या माणसाच्या वळणावर जाते. डॉक्टर मुजावरांनी हे सगळं कागदावर चित्र काढून समजावलं.

“सुरुवातीला शंभरातल्या दोन गोष्टी जाळी बोलेल, काका. आजार वाढेल तशा त्या वाढतील.”

“किती वाढतील?”

“पाच वर्षांत सत्तर, ऐंशी.”

“मग तेव्हा बोलणारा कोण?”

“तुम्हीच. तुमच्याच पद्धतीने.”

“माझ्या पद्धतीने आणि मी, या दोन गोष्टी झाल्या, डॉक्टर,” रमाकांतराव म्हणाले. “केबिनमध्ये माणूस नाही आणि खटके हलताहेत. गाड्या वेळेवर जातील हो सगळ्या. पण सोडल्या कोणी?”

घरी आल्यावर हातपाय धुऊन ते पाटावर बसले आणि म्हणाले, “वैजू, मला ती जाळी नको. विसरत विसरत जाईन. तू सांगत जा मला, मी कोण ते.”

“सांगेन,” वैजयंतीबाई म्हणाल्या. त्याच दुपारी रमाकांतरावांनी त्यांना दोनदा ‘अक्का’ म्हणून हाक मारली होती. अक्का ही रमाकांतरावांची थोरली बहीण. ती जाऊन वीस वर्षं झाली होती.

पण नको म्हणणं इतकं सोपं राहिलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घेऊन त्यांना घराबाहेर काढल्याची इतकी प्रकरणं झाली होती की सरकारने कायदाच केला: पासष्टच्या पुढच्या माणसाने असा मोठा निर्णय घ्यायचा तर आधी पट्टा बांधून विचारशक्ती दाखवायची. हेतू चांगला होता. चाचणीला सुडोकूचं कोडं निवडलं गेलं, कारण त्याला भाषा लागत नाही, शाळा लागत नाही, पाठांतर उपयोगी पडत नाही. साधं सुडोकू नव्हे, अवघड जातीचं. ओळीत, स्तंभात आणि नऊ घरांच्या चौकटीत एक ते नऊ आकडे एकेकदाच, हे तर आहेच. वर दोन नियम आणखी. बुद्धिबळातला घोडा जसा अडीच घरं उडी मारतो, तेवढ्या अंतरावर तोच आकडा पुन्हा यायचा नाही. आणि तुटक रेषेची कुंपणं घातलेली, त्या कुंपणातल्या आकड्यांची बेरीज कोपऱ्यात लिहिलेली.

खळदकरांच्या घरात ही कोडी नवी नव्हती. वैजयंतीबाईंचा चातुर्मासाचा नेमच तो होता. कोणी कांदालसूण सोडतं, कोणी लाख बेल वाहतं. त्या दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावून एक कोडं सोडवायला बसत आणि ते सुटेपर्यंत मौन. एकवीस वर्षं झाली होती. त्याआधी मन इतकं भिरभिरायचं की जपाची माळ हातात आणि डोक्यात धोब्याचे कपडे. आकड्यांनी त्यांचं मन एका जागी बसवलं.

“देवाला बेल वाहायचा सोडून ही आकडे वाहते,” रमाकांतराव पाहुण्यांना सांगत. “महादेव तिकडे बेरजा करून दमला असेल.” पण पुढे पुढे तेही शेजारी येऊन बसू लागले, आणि बायकोच्या मौनाचा फायदा घेऊन मनसोक्त बडबडू लागले.

चाचणीआधीचे दोन महिने दोघं रोज बसली. रमाकांतरावांना सकाळचा नाश्ता आठवत नसे, पण बुद्धीची चाल अजून सरळ होती. “दोन घरांत सतरा, म्हणजे आठ आणि नऊ. या चौकटीतल्या आठ घरांची बेरीज अडतीस. चौकट पुरी पंचेचाळीसची. उरलेलं घर सातचं. नाहीतर जाईल कुठे?” पेन्सिल कानाला लावून ते असे बोलू लागले की वैजयंतीबाईंना वाटे, कुठला आजार, कसला आजार.

एका जागी मात्र ते अडत. चार घरं एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखी, दोन ओळींत, दोन स्तंभांत, दोन चौकटींत. तीन घरांत ४ किंवा ७ येऊ शकतो, चौथ्यात ४, ७ किंवा २. बाकी कोड्यातून तिथे पोचायला वाट सापडेना.

नेम मोडायचा नाही म्हणून वैजयंतीबाईंनी पेन्सिलीने समासात लिहून दाखवलं. चौथ्या घरात ४ किंवा ७ आला, तर चारही घरांतले ४ आणि ७ एकमेकांत बदलले तरी चालेल. या घरांना कुंपण नाही, त्यांच्यापासून घोड्याच्या उडीवर ४ किंवा ७ येईल असं रिकामं घर नाही. म्हणजे कोड्याची उत्तरं दोन होतील. पण कोड्याला उत्तर एकच असतं. म्हणून तिथे २.

“ही लबाडी आहे,” रमाकांतराव म्हणाले. “कोड्याला एकच उत्तर आहे हे तुला कोणी सिद्ध करून दिलं?”

कोडं सुटल्यावर, मौन सुटल्यावर, त्या म्हणाल्या, “सिद्ध कशाला करायला हवं? ज्याने कोडं घातलं त्याने विचार करूनच घातलं असणार. तो काय आपला वैरी आहे?”

“सिग्नल हिरवा आहे म्हणून लाईन मोकळीच असेल, असं मानायचं?”

“गाडीतली माणसं तसंच मानून झोपतात ना? तुमच्याच भरवशावर झोपायची.”

ते बराच वेळ हसत राहिले. त्यानंतर असा चौकोन दिसला की ते “वैजूची पायरी!” म्हणून ओरडत आणि २ की ५ की जो काय असेल तो आकडा ठोकून मोकळे होत. इतर कितीतरी गोष्टी पुसल्या जात होत्या. ही मात्र ताजी शिकलेली असूनही टिकली.

चाचणी तालुक्याच्या केंद्रात होती. मुलगी केतकी पुण्याहून आली होती. मागच्या खुर्च्यांवर मायलेकी बसल्या, बोलायची परवानगी नव्हती. रमाकांतरावांच्या कपाळाला पट्टा, समोर पडद्यावर कोडं, आणि भिंतीवर दिवा. वेळ दीड तास.

ओळीने एकतीस घरं हिरवी गेली. केतकीने आईचा हात घट्ट धरला. तिला बाबांनी नापास व्हावं असंच वाटत होतं, तरी प्रत्येक हिरव्याला तिचा हात दाबला जात होता. मग चौकोन आला. रमाकांतराव थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि एकाएकी त्यांनी मान वळवून मागे बघितलं, बायकोकडे, डोळे बारीक करून, लग्नाच्या पंगतीत बघितलं होतं तसं. पुन्हा पडद्याकडे वळून त्यांनी आकडा लिहिला.

पिवळा.

त्यांचं दिव्याकडे लक्षच नव्हतं. गाडी सुटली होती. त्या आकड्यावरून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा, अकरा घरं एका दमात भरली. अकराही पिवळी.

“अहो पण उत्तर बरोबर आहे!” बाहेर आल्यावर वैजयंतीबाई म्हणाल्या. “मी मागून ताडून पाहिलं. एक आकडा चुकलेला नाही.”

“बरोबरच आहे, काकू.” डॉक्टर मुजावरांचा चेहरा उतरला होता. “पण ही परीक्षा उत्तराची नाहीच. असं बघा, आपल्याला एखादी गोष्ट कळते तेव्हा मेंदू डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटा चालत जातो. उत्तरापासून मागे, पायरी पायरीने, थेट दिलेल्या नियमांपर्यंत. पट्टा ती उलटी चाल टिपतो. माणूस नुसता अंदाज करतो तेव्हा ती चाल नसतेच. आणि कोणावर तरी विश्वास टाकतो तेव्हा चाल सुरू होते, पण नियमापाशी न थांबता माणसाच्या चेहऱ्यापाशी जाऊन थांबते. मेंदूचा तो भागच वेगळा आहे. पट्ट्याच्या लेखी ते वाटणं. म्हणून तर हा चौकोन प्रत्येक चाचणीत मुद्दाम ठेवलेला असतो. आणि पाया पिवळा असला की वरचे मजलेही पिवळे. काकांनी कोडं घालणाऱ्यावर विश्वास ठेवला.”

तो विश्वास कोडं घालणाऱ्यावर नव्हता, हे वैजयंतीबाईंना ठाऊक होतं. चाल कोणाच्या चेहऱ्यापाशी थांबली होती ते त्यांनी मागच्या खुर्चीवरून पाहिलं होतं.

आता निर्णय पत्नीचा. पण पत्नीचंही वय अडुसष्ट. तेव्हा तीच चाचणी तिलाही, पंधरा दिवसांनी. ती उतरली नाही तर निर्णय मुलीचा.

केतकी त्या पंधरा दिवसांत एकदाच बोलली, भाकऱ्या थापता थापता. “आई, मी तुझी वैरीण नाही गं.”

“असं मी कधी म्हटलं?”

“परवा बाबांनी मला विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात? ‘तुम्ही’ म्हणाले मला. मला अहोजाहो केलं बाबांनी.” तव्यावरची भाकरी करपली तरी ती बघत राहिली. “जाळी तर जाळी. पण कोणीतरी मला केतू म्हणेल ना?”

वैजयंतीबाईंनी भाकरी उलटली. लेकीचं काहीच चूक नव्हतं, हेच सगळ्यात कठीण होतं.

रोज संध्याकाळी त्या कोडं घेऊन बसत आणि स्वतःची पायरी स्वतःच अडवायला बघत. जमत नसे. चौकोन दिसला की आकडा आधी दिसे. डोळे मिटले तरी दिसे. देवाला हात जोडावेत तशी ती गोष्ट होती, मध्ये विचाराला जागाच नव्हती. एकवीस वर्षं त्यांनी हाच भरवसा घासूनपुसून लख्ख केला होता: ज्याने घातलं त्याने जाणून घातलं. आता तो भरवसा आवरता येईना.

मग चाचणीच्या आदल्या दिवशी, देवापुढे बसून, त्यांनी जन्मात केली नव्हती अशी एक गोष्ट केली. कोडं घालणारा लबाड आहे असं त्या मनाशी म्हणाल्या. तो आपल्याला फसवतो आहे. त्याने दोन उत्तरं ठेवली असतील, दहा ठेवली असतील, एकही ठेवलं नसेल. त्याला आपली काही पडलेली नाही. पुन्हा पुन्हा म्हणाल्या. अंगावर काटा आला तरी म्हणत राहिल्या. निरांजनाची वात सारखी करायला हात पुढे केला, तो मध्येच थांबला.

दुसऱ्या दिवशी चाचणीत चौकोन आला तसा आकडा दिसलाच. ५. त्यांनी तो लिहिला नाही. ‘त्या’च्यावर माझा विश्वास नाही, असं ठरवून त्या लांबच्या वाटेने निघाल्या. तीन घरांत १ किंवा ६, चौथ्यात १, ६ किंवा ५. धरू की इथे १ आहे. मग शेजारी ६, मग खालच्या कुंपणात ८, मग त्या कुंपणाची बेरीज पंधरा होते. लिहिली आहे चौदा. हे दार बंद. धरू की ६ आहे. मग वरच्या ओळीत ९ डावीकडे सरकतो, आणि घोड्याच्या उडीवर दुसरा ९ उभा आहे. हेही दार बंद. दोन्ही दारं आपल्या हाताने लावून, कडी घालून, त्या उरलेल्या तिसऱ्या दाराशी आल्या.

५. हिरवा.

वीस मिनिटांत कोडं संपलं. एकही पिवळा नव्हता. “अडुसष्टव्या वर्षी असा निकाल मी पाहिलेला नाही, काकू,” डॉक्टर मुजावर म्हणाले आणि खरोखर उभे राहिले. मागच्या खुर्चीवर केतकीने डोळे मिटून घेतले.

“आता एकच वाक्य. पट्टा राहू द्या. यजमानांची इच्छा काय आहे ते सांगा, म्हणजे नोंद होईल.”

वाक्य तयार होतं. ‘यांना सेतू नको आहे.’ वैजयंतीबाईंनी तोंड उघडलं. पण ज्या वाटेने मन नुकतंच चालून आलं होतं, त्याच वाटेने ते पुन्हा चालू लागलं. धरू की ते मनापासून बोलले. मग ‘विसरत विसरत जाईन’ हे त्यांचंच. पण त्या दुपारी त्यांनी अक्का म्हणून हाक मारली होती. मग ते कोणाशी बोलले? धरू की ते मनापासून नव्हते, आजारच बोलला. पण मग केबिनची गोष्ट? खटके कोणी हलवले ती? ती तर अस्सल त्यांची. या बाजूने बेरीज चुकत नव्हती, त्या बाजूनेही नव्हती. दोन्ही दारं सताड उघडी होती. एकही लावता येईना.

“यांना सेतू नको आहे,” त्या म्हणाल्या.

पिवळा.

“पुन्हा सांगता का, काकू? सावकाश.”

“यांना नको आहे हो.”

पिवळा.

डॉक्टरांनी मान खाली घातली. “म्हणजे तुम्हाला तसं वाटतं. माहीत नाही.”

“चाळीस वर्षं संसार झाला, डॉक्टर. दुसऱ्याच्या मनातलं माहीत कसं होणार? सगळं वाटण्यावरच चाललं आमचं. परवापर्यंत मला ते माहीत असल्यासारखं वाटत होतं. तुमच्या चाचणीसाठी मी ते मोडून आले.”

नियम स्पष्ट होता: हे वाक्य हिरवं नसेल तर निर्णय मुलीचा. कागद केतकीपुढे सरकला. तिने रडत रडत सही केली.

शस्त्रक्रियेनंतर साडेतीन महिन्यांनी रमाकांतराव एकटे बाजारात जाऊन मेथीची जुडी घेऊन आले. फाटकापाशी थांबले, गाडी जाऊ दिली, पुढे आले. केतकीला फोनवर केतू म्हणाले. नातीचं नाव, तिची शाळा, तिचा वाढदिवस, सगळं बिनचूक. वसाहतीतले लोक येऊन बघून गेले. वैजयंतीबाई सगळ्यांना चहा देत होत्या.

दर शनिवारी सकाळी घरीच पट्टा बांधून तपासणी असे. अशाच एका शनिवारी पट्टा कपाळावर असताना रमाकांतराव म्हणाले, “केतू सांगत होती, तू या जाळीला तयार नव्हतीस म्हणे.”

मेथी निवडणारा हात थांबला. “तुम्हीच नको म्हणाला होतात.”

“मी? नाही गं.”

“पाटावर बसून म्हणाला होतात. विसरत विसरत जाईन म्हणालात. मी सांगेन म्हटलं, तुम्ही कोण ते.”

ते विचारात पडले. त्यांना आठवत नाही असं नव्हतं, ते शोधत होते, नीट, पायरी पायरीने, कपाळाला आठी घालून, अगदी त्यांच्याच पद्धतीने. “नाही. मी असं म्हणणारच नाही,” ते शेवटी म्हणाले. “जगायला नको कोण म्हणेल?”

वैजयंतीबाईंनी दिव्याकडे पाहिलं. हिरवा होता. हे बोलणं त्या जाळीचं की त्या माणसाचं, ते दिव्याला विचारायची सोय नव्हती. आणि स्वतःच्या मनाला विचारायची सवय त्यांनी आपल्या हाताने मोडली होती.

“जाऊ दे,” रमाकांतराव मायेने म्हणाले. पुढे वाकून त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, तोच ऊबदार, पेन्सिल धरून बोटाला घट्टा पडलेला हात. “तेव्हा तुला काही सुचत नसेल, वैजू. मी मनात ठेवलेलं नाही. माफ केलं तुला.”

मेथीच्या काड्या बाजूला सारून वैजयंतीबाईंनी पदराला हात पुसले. घरातल्या थोरल्या माणसाने काही दिलं की ते का दिलं असं विचारायचं नसतं, अशा वळणात त्या वाढल्या होत्या. त्यांनी मान खाली घालून ती माफी घेतली.